सावकाशराव घरात बस आणतात

सावकाशराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. आईवडिलांनी ठेवलेलं नाव पगारपत्रकावर आणि बँकेच्या पासबुकात तेवढं राहिलं. बाकी सगळ्यांनी त्यांना सावकाशराव करून टाकलं. एकतीस वर्षं त्यांनी शहराची बस चालवली आणि अशी चालवली की दांडा न धरता उभी असलेली म्हातारीसुद्धा कधी डुलली नाही. मागचे गाडीवाले हॉर्न वाजवून वाजवून दमायचे. आत कुणी ओरडलं, "अहो, जरा हाणा की!" तर हे शांतपणे म्हणायचे, "उतरा आणि पळत सुटा. पुढच्या स्टॉपवर मी येतोच." उशीर केला म्हणून त्यांना दोनदा मेमो मिळाला, पण गाडीला साधा ओरखडासुद्धा कधी गेला नाही. ते दोन्ही मेमो त्यांनी कपाटात जपून ठेवले आहेत, आणि आलेल्यागेलेल्याला ते प्रशस्तिपत्रकासारखे दाखवतात.

निवृत्तीला चौदा महिने उरले होते तेव्हाची गोष्ट. दर वर्षीची डोळ्यांची तपासणी होती. डॉक्टरीणबाईंनी त्यांना एका मोठ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालायला लावलं आणि सांगितलं, ठिपका चमकला की बटण दाबायचं. सावकाशरावांनी बटण फारच थोड्या वेळा दाबलं. त्यांना वाटलं, ठिपकेच कमी आहेत. ठिपके भरपूर होते. समोरचं त्यांना लख्ख दिसत होतं, पण दोन्ही बाजूंचं दिसणं काचबिंदूने पाकीटमारासारखं कधी काढून नेलं ते त्यांना कळलंही नव्हतं. दुपारी डेपोत परत आले तर त्यांच्या सीटवर दुसराच माणूस. उरलेले चौदा महिने सावकाशराव चौकशीच्या खिडकीत बसून "सहा नंबर कुठून सुटते" याची उत्तरं देत राहिले.

डोळ्यांचं त्यांनी मनाला लावून घेतलं नाही. औषधाने डोळे आहेत तिथे थांबले होते, पेपर वाचता येत होता. सलत होतं ते वेगळंच. तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांनी रोजच्यासारखी फेरी मारली, बस रांगेत लावली, डबा उचलला आणि घरी आले. ती शेवटची फेरी होती हे त्यांना ठाऊकच नव्हतं. निवृत्तीला दोन वर्षं होऊन गेली तरी अधूनमधून, काहीही कारण नसताना, ते बायकोला म्हणत, "मी उतरलो नाही गं, मला उतरवलं." आणि बाई त्यांच्यापुढे चहा आणून ठेवत.

बाई बावीस वर्षं औषधांच्या दुकानात काम करतात. छोट्या अक्षरात छापलेलं काहीही असो, त्या आधी तेच वाचतात. बिस्किटाचा पुडा आणला तरी त्याच्या मागची बाजू वाचल्याशिवाय फोडत नाहीत. सावकाशरावांचा कारभार याच्या नेमका उलटा. त्यांचा विश्वास माणसावर, आवाजावर आणि हाताला काय लागतं त्यावर. छापील मजकुराचं आणि त्यांचं कधीच जमलं नाही.

तर एके दिवशी त्यांची भाची आली. ही पोरगी दुसऱ्या शहरात एका कंपनीतले कॉम्प्युटर सांभाळते. तिने मामाची करमणूक म्हणून लॅपटॉपवर एक व्हिडिओ लावला. कुठलासा माणूस आपल्या खोलीत, टेबलाला स्टिअरिंग लावून, पायाशी तीन पेडल ठेवून बस चालवत होता. पडद्यावर रस्ता, सिग्नल, स्टॉप, चढणारी माणसं, सगळं काही. सावकाशराव पुढे सरकले. पाच मिनिटांनी म्हणाले, "क्लच फार लवकर सोडतोय हा." दहा मिनिटांनी म्हणाले, "स्टॉपपासून हातभर लांब उभी केली. म्हाताऱ्या माणसाने उडी मारायची का?" आणि अर्ध्या तासाने लॅपटॉप मिटून म्हणाले, "मला हे पाहिजे."

"पण मामा, बाजूचं..." भाची अडखळली.

"बाजूचं कुठे आहे इथे? आरसेसुद्धा समोरच्याच चौकटीत आहेत. मला सगळं दिसतंय."

खरंच दिसत होतं. पुढच्या तपासणीला त्यांनी डॉक्टरीणबाईंची रीतसर परवानगीही घेतली. "तेवढी बस खुशाल चालवा," त्या म्हणाल्या, "फक्त मधूनमधून पापण्या मिटत जा. रस्त्यावरची बस असती तर मी हे कुणाला सांगितलं नसतं."

प्रश्न पैशांचा होता. घरात एकच रक्कम बाजूला काढलेली होती, ती कपडे धुण्याच्या नव्या यंत्रासाठी. जुनं यंत्र पिळायला लागलं की चालत चालत न्हाणीघराच्या दारापर्यंत यायचं, आणि बाईंना ते पायाने रेटून परत जागेवर न्यावं लागायचं. सावकाशरावांनी विषय काढला तेव्हा त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की बाईंना हसू आलं.

"यंत्राचेच पैसे आहेत ना?" बाई म्हणाल्या. "मग यंत्रच येऊ दे. मात्र यापलीकडे एक दमडी नाही. अंथरूण पाहून पाय पसरायचे."

आणि मग सुट्या भागांची पारायणं सुरू झाली. तयार कॉम्प्युटर महाग पडतो, भाग घेऊन जोडला तर त्याच पैशात चांगला होतो, असं भाचीचं म्हणणं. ती फोनवर समजावायची, सावकाशराव वहीत लिहून घ्यायचे.

"प्रोसेसर म्हणजे इंजिन का गं?"

"नाही मामा, प्रोसेसर म्हणजे ड्रायव्हर. सगळं तो ठरवतो. ओढायचं काम ग्राफिक्स कार्डाचं, ते इंजिन. मदरबोर्ड म्हणजे चासी, त्यावर सगळं बसतं. पॉवर सप्लाय म्हणजे डिझेलची टाकी."

प्रोसेसर ड्रायव्हर निघाला म्हणून सावकाशराव खूश झाले. त्यांनी वहीत त्याच्यापुढे चांदणी काढली.

"आणि एक लक्षात ठेवा," भाची म्हणाली. "सगळं सगळ्याला चालत नाही. कार्ड कॉम्प्युटरच्या डब्यात मावलं पाहिजे, टाकी इंजिनाला पुरली पाहिजे. नाहीतर नाकापेक्षा मोती जड. आणि मदरबोर्ड मला विचारल्याशिवाय घ्यायचा नाही."

भाचीने यादी पाठवली. पडदा म्हणून घरातला छोटा टीव्हीच लावायचा होता. बेरीज बरोबर रकमेइतकी आली, पण त्यात स्टिअरिंग नव्हतं. आधी कीबोर्डवर खेळा, स्टिअरिंग पुढच्या वर्षी घ्या, असं तिने शेवटी लिहिलं होतं.

"बोटांनी बस चालवायची?" सावकाशराव कडाडले. "बस काय टाइपरायटर आहे?"

बाजारात एका इमारतीच्या तळघरात सुट्या भागांची दुकानं होती. त्यातल्या एकात कॉम्प्युटरला गार ठेवणारे नमुन्याचे वीसेक पंखे भिंतीवर दिवसभर फिरत असत, त्यामुळे दुकानदाराला सगळे पंखेवाला म्हणत. नवराबायको पहिल्या दिवशी त्याच्याकडे गेले. पंखेवाल्याने आधी काचेचा, रंगीबेरंगी दिव्यांचा डबा पुढे केला. सावकाशराव म्हणाले, "दिव्यांनी गाडी पळत नाही." मग साधा काळा डबा निघाला. वापरलेलं ग्राफिक्स कार्ड पंखेवाल्याने त्यांच्यासमोर अर्धा तास चालवून दाखवलं. ते घेणार एवढ्यात बाईंनी डब्याचं खोकं उलटं केलं, बारीक अक्षर वाचलं आणि पर्समधली टेप काढून कार्ड मोजलं.

"हे एक सेंटिमीटर जास्त आहे," त्या म्हणाल्या. "डब्यात जाणार नाही."

पंखेवाला त्यांच्याकडे बघतच राहिला. "बाई, दुकानात कामाला येता का?" त्याने विचारलं आणि मोठा डबा त्याच भावात दिला. त्या दिवशी डबा, कार्ड, पॉवर सप्लाय आणि सीलबंद नवा प्रोसेसर घरी आला. मदरबोर्ड आणि मेमरी तेवढी राहिली, कारण पंखेवाल्याकडचा यादीतला बोर्ड संपला होता. तो आठवड्याने येणार होता.

आठवडाभर थांबायचं. ज्या माणसाने एकतीस वर्षांत पिवळा दिवा कधी ओलांडला नाही, त्याला चार दिवससुद्धा दम निघेना. बाई कामावर गेल्या आणि हे सहज म्हणून तळघरात गेले. पंखेवाल्याच्या समोर एक जुन्या मालाचा टपरीवाला होता. त्याच्या टोपलीत एक मदरबोर्ड होता, पाच वर्षांपूर्वीचा, पण खोक्यावर नाव त्याच कंपनीचं, जिचा प्रोसेसर घरी होता. किंमत नव्याच्या निम्मी. सावकाशरावांनी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि त्यांच्या डोळ्यांपुढे स्टिअरिंग उभं राहिलं.

आता यात त्यांचं काय चुकलं? डेपोत सगळी जिंदगी गेली. तिथल्या मिस्त्रीचा एकच मंत्र: कंपनी एक, तर भाग एक. वीस वर्षं जुन्या बसचा ब्रेक ड्रम काढून मिस्त्री कालच्या बसला लावायचा आणि ती पळायचीसुद्धा. परक्या कंपनीचा नटही चालायचा नाही, आणि आपल्या कंपनीचं काहीही चालायचं. सावकाशरावांनी खोक्यावरचं नाव तेवढं बघितलं, भाचीला फोन केला नाही, आणि 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाटीखाली उभं राहून पैसे दिले.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून जोडणी सुरू झाली. भाची फोनच्या पडद्यावर होती, बाई स्क्रू वेगवेगळ्या वाट्यांत काढून ठेवत होत्या. सावकाशरावांनी बोर्डावरची इवलीशी तरफ उचलली, प्रोसेसर दोन बोटांत धरला आणि जागेवर ठेवला. तो बसेना. कडेच्या खाचा जुळेनात. त्यांनी तो उचलला, फिरवला, पुन्हा ठेवला. पुन्हा तेच.

"थोडं दाबलं तर?" बाईंनी विचारलं.

"नाही." सावकाशरावांनी हात मागे घेतला. "जो गिअर पडत नाही त्याला जोर लावायचा नाही. काहीतरी चुकलंय."

"मामा," भाची म्हणाली, "बोर्ड जरा कॅमेऱ्यासमोर धरा बघू." आणि मग, पडद्याजवळ वाकून, "मामा, हा बोर्ड कुठून आला?"

सगळं बाहेर पडलं. भाचीने समजावून सांगितलं की कंपनी एकच असली तरी दर दोनचार वर्षांनी प्रोसेसरची बैठक बदलते, नवा प्रोसेसर जुन्या बोर्डात बसत नाही, कितीही समजूत काढली तरी. बाईंनी बोर्डाचं खोकं हातात घेऊन बाजूची चिठ्ठी वाचली. कोणत्या पिढीचे प्रोसेसर चालतील ते तिथे स्वच्छ छापलेलं होतं.

"लिहिलंय हो इथे," त्या हळूच म्हणाल्या.

ड्रायव्हर होता, बस होती, आणि ड्रायव्हरला त्याच्या सीटवर बसता येत नव्हतं. हे सावकाशरावांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी प्रोसेसर डबीत ठेवला, बोर्ड खोक्यात घातला, चादरीची घडी केली. मग म्हणाले, "जाऊ दे. जे काय विकून येतील त्यात धुण्याचं यंत्र आणू. या वयात हे खूळ कशाला?"

बाई उठल्या. त्यांचा आवाज चढला, आणि त्या घरात तो फारसा चढत नसे. "त्या खिडकीत बसून रोज संध्याकाळी तुम्ही घरी यायचात ना, तेव्हाचा चेहरा मी चौदा महिने बघितलाय. तो मला या घरात परत नको. यंत्र मी पायाने रेटीन आणखी चार वर्षं. उठा, शर्ट घाला."

"आज रविवार आहे."

"तळघर उघडं असतं रविवारी. पाटी वाचलीय मी."

पंखेवाल्याने सगळी कहाणी ऐकून घेतली आणि हसला नाही, हे त्याचं मोठेपण. त्याने भिंग काढून बोर्डाच्या बैठकीतल्या सुईएवढ्या पिना दिव्याखाली तपासल्या.

"एकही वाकलेली नाही," तो म्हणाला. "लोक अंगठ्याने दाबून सत्यानाश करून आणतात, मग दोन्हीकडून जातात. तुम्ही जोर कसा लावला नाहीत?"

"सवय नाही," सावकाशराव म्हणाले.

पंखेवाल्याने हिशोब मांडला. सील फुटलेला नवा प्रोसेसर तो परत घेणार, पण पडत्या भावात. त्याच्या बदल्यात या बोर्डाच्या पिढीतला वापरलेला प्रोसेसर देणार. जुन्या बोर्डाला मेमरीही जुन्या जातीची लागते, ती स्वस्त. म्हणजे बोर्ड वाया जात नव्हता, पदरी पडला तो पवित्र झाला. भाचीला फोन लागला. तिने प्रोसेसरचा नंबर विचारला, तपासला आणि म्हणाली, "चालेल मामा. बसच्या खेळाला आरामात चालेल. फक्त थोडा सावकाश आहे."

"मग आपल्यातलाच आहे," मामा म्हणाले, आणि सकाळपासून पहिल्यांदा हसले.

पण सगळं देऊन झाल्यावर बाईंच्या पर्समध्ये उरले ते रिक्षाचे आणि वर किरकोळ. नव्या प्रोसेसरवर तोटा झाला होता आणि स्टिअरिंगचा विषय तिथेच मिटला होता. सावकाशराव पिशवी उचलून निघाले. दाराशी, जुन्या खोक्यांच्या ढिगावर, एक स्टिअरिंग, पेडलं आणि गिअरच्या दांड्यासकट, पालथं पडलेलं त्यांना दिसलं. समोरचं त्यांना लख्ख दिसतं हे मी आधी सांगितलंच आहे.

"ते कसं?" त्यांनी विचारलं.

"ते नका घेऊ," पंखेवाला म्हणाला. "स्टिअरिंग ठीक आहे, तुमच्या खेळाला चालतं. पण क्लच खराब आहे. स्प्रिंग सैल पडलीय, पेडल पार तळाला जातं आणि सावकाश वर येतं. तीन गिऱ्हाइकांनी परत आणून दिलं."

सावकाशरावांनी स्टूल ओढलं, पेडलं जमिनीवर ठेवली, चप्पल काढली आणि डावा पाय क्लचवर ठेवला. पेडल तळाला गेलं. मग रेंगाळत वर आलं. त्यांनी डोळे मिटले. पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं. बाईंना वाटलं, आता हे निराश होऊन उठणार.

"असाच हवा," सावकाशराव म्हणाले. "आमच्या डेपोत घट्ट क्लच मिळालाय कुणाला कधी? मला चांगला क्लच दिलात तर मी गाडी बंद पाडीन."

पंखेवाल्याने किरकोळ रकमेत ते देऊन टाकलं, वर एक जुनी वायर फुकट. जागा अडवत होतं, एवढंच कारण त्याने सांगितलं. रिक्षाचे पैसे त्यातच गेले, म्हणून दोघं पिशव्या घेऊन पायी घरी आले. वाटेत बाई दोनदा म्हणाल्या की खोकी जड आहेत, पण त्यांचा सूर तक्रारीचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी रजा टाकली आणि जोडणी झाली. जुना प्रोसेसर जागेवर असा अलगद बसला की आवाजसुद्धा झाला नाही. बटण दाबलं, पंखे फिरले, पडदा काळाच. बाईंनी पुस्तिकेचं नववं पान काढलं आणि वाचून दाखवलं की पडद्याची वायर मदरबोर्डाला नाही, ग्राफिक्स कार्डाला लावायची. वायर बदलली आणि पडदा उजळला. भाचीने लांबून खेळ चढवून दिला, पण तो पुरता डाउनलोड व्हायला चार तास लागले. सावकाशरावांनी तोवर स्टिअरिंग टेबलाला तीनदा घट्ट केलं, तिन्ही वेळा आधीच घट्ट असताना.

दुपारी चारला ते बसले. अंगात स्वच्छ, इस्त्रीचा शर्ट. बाई शेजारच्या खुर्चीवर. पडद्यावर कुठलंसं शहर, रुंद रस्ते, ओळीने झाडं. सावकाशरावांनी क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, आणि त्या सैल पेडलवरून पाय असा काही उचलला की बस कधी हलली ते बाईंना कळलंच नाही.

पहिल्या दोन स्टॉपना ते एक शब्द बोलले नाहीत. तिसऱ्यापासून तोंड सुटलं. "दादा, आत सरका," "बाई, मुलाला धरा," असं त्या चित्रातल्या माणसांना सांगणं चाललं. मागून हॉर्न वाजू लागले, तेव्हा बाईंनी विचारलं, "एवढे का वाजवतायत?" तर म्हणाले, "ओळखलंय त्यांनी मला." प्रत्येक स्टॉपला बस फुटपाथला अशी लागायची की त्यावरून मुंगीसुद्धा आत गेली असती. वेळापत्रकापेक्षा अकरा मिनिटं उशीर झाला. खेळाने लाल अक्षरात तसं सुनावलं. सावकाशरावांनी ते वाचलंच नाही.

सोळाव्या स्टॉपला शेवटचा उतारू उतरला. त्यांनी रिकामी बस डेपोत नेली, रांगेत सरळ लावली, इंजिन बंद केलं. घरात एकदम शांत झालं. हात मात्र स्टिअरिंगवरच होते. बाईंनी मुद्दाम खिडकीबाहेर बघितलं. बऱ्याच वेळाने खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. सावकाशराव उठून उभे होते.

"झाली," ते म्हणाले. "शेवटची फेरी."

"शेवटची?" बाई उसळल्या. "अहो, धुण्याचं यंत्र गेलं, दोन दिवस मी ती खोकी उचलली, आणि शेवटची म्हणता?"

"त्या वेळची राहिली होती ना," सावकाशराव डोळे पुसत म्हणाले. "ती आज केली आणि माझा मी उतरलो. उद्यापासून नवी ड्यूटी. सकाळची पहिली बस माझी आहे."